शरीरातील पारखी : मारक टी-पेशी
(सुवर्ण महोत्सवी वर्षातील आरोग्यविषयक व्याख्यानाचा पाठ)



वैद्यकीय विषयावर बोलण्यासाठी एका वाणिज्य पदवीधर कापड व्यापाऱ्यास या व्यासपीठावर उभे केले, याचे काहींना नवल वाटत असेल. मी डॉक्टर नाही. परंतु वाचनाची हौस आहे आणि जे समजले ते सोप्या शब्दांत सांगावे, एवढाच हेतू आहे. विषयाच्या नावातील ‘मारक’ हा शब्द आपल्या सभेत कानाला थोडा बोचेल. पण शास्त्रज्ञांनी ठेवलेले नाव बदलण्याचा अधिकार मला नाही.

विषाणू शरीरात शिरला की रक्तातील प्रतिपिंडे त्याला अडवितात, हे आपण ऐकलेले असते. मात्र विषाणू एकदा पेशीच्या आत जाऊन बसला, की प्रतिपिंडांचा हात सहसा तेथवर पोहोचत नाही. पेशीच्या आत त्याच्या हजारो प्रती तयार होऊ लागतात. अशा वेळी ती बाधित पेशीच नष्ट करणे हा उपाय उरतो. हे काम मारक टी-पेशी करतात. पण बाहेरून सर्व पेशी सारख्याच दिसतात; मग बाधित कोणती आणि निरोगी कोणती, हे ओळखायचे कसे?

आपल्या व्यवहारातील दाखला देतो. ठोक व्यापारात माल गोदामात असतो. ग्राहकासमोर ठेवतो तो कापडाचा छोटा नमुना. त्या चार बोटांच्या तुकड्यावरून जाणकार संपूर्ण थानाची पारख करतो. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी हेच करते. आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे, साधारण 8 ते 10 अमिनो आम्लांचे, ती एका विशिष्ट रेणूच्या खोबणीत बसवून आपल्या पृष्ठभागावर मांडते. माणसात या रेणूंना एचएलए म्हणतात. त्या खोबणीचे प्रत्यक्ष रूप 1987 साली हार्वर्ड विद्यापीठातील पामेला ब्योर्कमन, डॉन वायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगापुढे आणले. आत विषाणूचा माल तयार होत असेल, तर त्याचाही नमुना बाहेर लागतो, आणि तेथेच त्याचे बिंग फुटते.

हे रहस्य प्रथम उलगडले ते ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे. पीटर डोहर्टी हे पशुवैद्य आणि स्वित्झर्लंडहून आलेले रॉल्फ झिंकरनॅगेल हे डॉक्टर, असे दोघे एकाच प्रयोगशाळेत काम करीत होते. मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या एका विषाणूची बाधा झालेल्या उंदराच्या टी-पेशी त्यांनी घेतल्या. त्या पेशींनी स्वतःच्या वाणाच्या उंदराच्या बाधित पेशी मारल्या. पण दुसऱ्या वाणाच्या उंदराच्या, त्याच विषाणूने बाधित पेशींना हात लावला नाही. म्हणजे टी-पेशी केवळ विषाणू पाहत नाही; आपल्या घरच्या चौकटीत बसविलेला परका तुकडा पाहते. हे संशोधन 1974 साली प्रसिद्ध झाले आणि त्याबद्दल दोघांना 1996 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

एवढी पारख येते कोठून? छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. तेथे कोवळ्या टी-पेशींची कठोर परीक्षा होते. घरची चौकट ज्यांना ओळखताच येत नाही त्या बाद होतात, आणि स्वतःच्याच नमुन्यावर ज्या त्वेषाने धावून जातात त्याही बाद होतात. शंभरातील पाचही उत्तीर्ण होत नाहीत. आपल्या परीक्षा मंडळाला हे परवडणार नाही!

आता प्रत्यक्ष संहाराची रीत पाहू. नमुना पटला की टी-पेशी लक्ष्य पेशीला घट्ट चिकटते आणि आतील विषारी कण नेमक्या त्या बाजूस आणून रिते करते. त्यातील पर्फोरिन हे प्रथिन लक्ष्य पेशीच्या आवरणास छिद्रे पाडते. त्या वाटेने ग्रॅन्झाइम नावाची विकरे आत शिरतात आणि पेशीत मुळातच असलेली आत्मनाशाची यंत्रणा सुरू करतात. पेशी सहसा फुटून इतस्ततः सांडत नाही. ती आवळत जाते, तिचे तुकडे होतात आणि भक्षक पेशी ते गिळून टाकतात. टी-पेशी मात्र सुटून पुढच्या लक्ष्याकडे जाते.

येथे एक गोष्ट मला फार विचार करायला लावणारी वाटली. काही बालकांत जन्मतःच पर्फोरिन सदोष असते. त्यांच्या टी-पेशी मारू शकत नाहीत. पण त्यामुळे शांतता नांदत नाही. लक्ष्य संपत नाही म्हणून प्रतिकारशक्ती अधिकाधिक खवळते, सतत ताप येतो, यकृत व प्लीहा वाढतात, आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर हा विकार प्राणघातक ठरतो.

हीच पारख प्रत्यारोपणात आड येते. माझ्या मावसभावाला मूत्रपिंड बसविल्यानंतर डॉक्टरांनी आयुष्यभराच्या गोळ्या सांगितल्या. ‘आता बरे वाटते, मग गोळ्या कशाला?’ असा त्याचा प्रश्न होता. दात्याचे एचएलए परके असल्याने टी-पेशी त्या मूत्रपिंडावर केव्हाही चालून जाऊ शकतात. टॅक्रोलिमससारखी औषधे त्यांना आवरून धरतात. बरे वाटते ते गोळ्यांमुळेच, हे त्याला पटवायला आम्हाला दोन रविवार लागले.

कर्करोगात उलट अडचण असते. कर्कपेशी कधी नमुने मांडणेच कमी करतात, कधी टी-पेशींवरील लगाम खेचून त्यांना थंड पाडतात. हा लगाम सैल करण्याची वाट दाखविल्याबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना 2018 चे नोबेल मिळाले.

दुसरी वाट आपल्या मुंबईतही चोखाळली गेली. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून नेक्सकार-19 ही उपचारपद्धती विकसित झाली. ऑक्टोबर 2023 मध्ये तिला मान्यता मिळाली आणि 4 एप्रिल 2024 रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. तिचा खर्च परदेशातील अशा उपचाराच्या सुमारे एक दशांश असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले; तरीही तो लाखांच्या घरात आहे, हे विसरता येत नाही. यात रुग्णाच्याच टी-पेशी काढून त्यांच्यावर नवा ग्राहक रेणू बसवितात व त्या परत शरीरात सोडतात. या पेशींना खोबणीतल्या नमुन्याची गरज उरत नाही. बी-पेशींच्या पृष्ठभागावरील सीडी-19 ही खूण त्या थेट ओळखतात. ती खूण निरोगी बी-पेशींवरही असल्याने त्याही मारल्या जातात, आणि म्हणून उपचारानंतर कित्येक महिने रुग्णाला जंतुसंसर्गापासून जपावे लागते.