अंतर मोजणारी दुर्बीण आणि रेहेकुरीचा माळ

अहिल्यानगर जिल्ह्यांतील कर्जत तालुक्यांत रेहेकुरी येथें काळविटांचें एक लहानसें अभयारण्य आहे. १९८० सालीं तें घोषित झालें. त्याचा विस्तार अवघा २.१७ चौरस किलोमीटर. मुरमाड जमीन, खुरटें गवत आणि बाभळीचीं झुडपें, असें त्याचें रूप. अभयारण्याची सीमा नकाशावर असते, काळविटाला ती ठाऊक नसते. कळप सीमा ओलांडून आसपासच्या शेतांत उतरतात, कोवळें पीक खातात आणि मग शेतकरी म्हणतो कीं, हीं जनावरें फार माजलीं. तीं खरोखर किती आहेत, हा प्रश्न येथें उद्भवतो; आणि त्याच्या उत्तरासाठीं जें साधन लागतें, तें मूळचें शिकाऱ्याचें, ही गोष्ट मोठी मौजेची आहे.

त्या साधनाला लेझर रेंजफाइंडर म्हणतात. हाताच्या मुठींत मावणारी ही दुर्बीण डोळ्याला लावून कळ दाबली कीं, अदृश्य प्रकाशाचा एक स्पंद निघतो, समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो, आणि जाण्यायेण्याला लागलेल्या वेळावरून अंतर निघतें. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. म्हणजे ३०० मीटरांवरील वस्तूपर्यंत जाऊन येण्यास सेकंदाचा ५ लाखावा भाग पुरतो. १९६० सालीं पहिला लेझर प्रकाशमान झाला आणि पुढें थोड्याच वर्षांत सैन्यानें ही युक्ति उचलली. नगर शहरांत रणगाडा दलाचें शिक्षणकेंद्र आहे. आधुनिक रणगाड्याची तोफ आधीं लेझरनें अंतर घेते, मगच नेम धरते.

बंदुकीला अंतर कां लागतें, तें सोपें आहे. सेकंदाला ८०० मीटर वेगानें सुटलेली गोळी ३०० मीटर जाईपर्यंत मूळ रेषेपासून पाऊण मीटर तरी खालीं उतरते. म्हणून परदेशांतील शिकारी हें यंत्र खिशांत बाळगतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तो व्यवहार संपविला. काळवीट त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत आहे, आणि त्याच्या शिकारीला ३ ते ७ वर्षांची कैद आहे. खेळांतील नेमबाजाला तर हें यंत्र लागतच नाहीं. कोल्हापूर जिल्ह्यांतील स्वप्नील कुसाळे यानें २०२४ सालीं पॅरिसला कांस्यपदक मिळविलें, तें ५० मीटरांच्या रायफल प्रकारांत, जेथें अंतर आधींच ठरलेलें असतें. उरतो तो गणना करणारा.

त्याची रीत अशी. माळावर एक सरळ रेषा आंखून तो चालतो. कळप दिसला कीं थांबून त्याचें अंतर आणि रेषेशीं होणारा कोन टिपतो. अंतर १२० मीटर व कोन ३० अंश असला, तर कळप रेषेपासून ६० मीटर आहे, हें शाळेंतील त्रिकोणमितीचेंच गणित. जवळचीं जनावरें बहुधा सर्व दिसतात, दूरचीं निसटतात; तीं किती निसटतात याचा अंदाज या नोंदींवरून बांधून एकंदर संख्या काढतात. येथेंच नजरेचा घात होतो. सपाट माळावर १०० मीटर डोळ्याला ८० वाटले आणि हीच चूक सर्वत्र झाली, तर पाहिलेली पट्टी कागदावर तितकी अरुंद होते आणि १०० काळविटांचीं १२५ होतात. एकाही जनावराची भर न पडतां शेतकऱ्याची तक्रार आंकड्यानें शाबीत होते! उलट चूक झाली तर ७५ एकरांत खरोखरीच फिरणारा कळप कागदावर विरळ होतो आणि पीक गमावलेल्या माणसाला कोणी विचारीत नाहीं.

तेव्हां यंत्र घ्यावें कसें? पेटीवर छापलेल्या आंकड्याला प्रथम भुलूं नये. ‘१००० मीटर’ हा आंकडा बहुधा चकचकीत पृष्ठाचा असतो. काळविटाच्या केसाळ अंगावरून प्रकाश फार कमी परततो, आणि पल्ला निम्म्याहूनही खालीं येतो. मात्र रेहेकुरीच्या माळावर ३०० मीटरांपलीकडे मोजण्याचा प्रसंग क्वचित्, त्यामुळें २००० मीटरांच्या यंत्राला जादा पैसे मोजणें व्यर्थ. गोळीचा उतार सांगणारी सोय तर येथें सर्वस्वी निरुपयोगी.

याहून महत्त्वाची गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीं. गोल्फच्या खेळासाठीं केलेलें यंत्र समोर येणाऱ्या पहिल्या वस्तूचें अंतर देतें, कारण त्याला झाडांपुढचें निशाण हवें असतें. शिकारीचें यंत्र पुष्कळदा शेवटच्या वस्तूचें देतें, कारण जनावर गवताआड उभें असतें. कर्जतच्या माळाला दुसरें बरें. पण कळपामागें बांध असला, तर तेंही बांधाचेंच अंतर सांगून मोकळें होतें. ज्या यंत्रांत दोन्ही प्रकार बदलतां येतात, तेंच घ्यावें. प्रकाशाचा झोतही पसरतो: हजार मीटरांवर दोन मीटर पसरणारा झोत ३०० मीटरांवर ६० सेंटिमीटर होतो, म्हणजे काळविटाच्या अंगावर जेमतेम मावतो. हात थरथरला कीं तो मागच्या बाभळीवर गेलाच. म्हणून यंत्र काठीवर टेकवावें आणि तीन वेळां मोजावें.

मीटर कीं यार्ड, हेंही पाहून घ्यावें. ३०० यार्ड म्हणजे केवळ २७४ मीटर. विकत घेण्यापूर्वीं फितीनें १०० मीटर मोजून ठेवावे आणि दुपारच्या लख्ख उन्हांत यंत्र त्यावर लावून पाहावें, कारण सूर्यप्रकाशांत त्याची शक्ति घटते. एका मीटराचा फरक चालेल, पांचांचा चालणार नाहीं.

आणि अंतर घ्यावयाचें तें कळप प्रथम दिसला त्या जागेचें. माणूस दिसतांच काळवीट उधळतें आणि यंत्र डोळ्याला लागेपर्यंत पन्नास मीटर पुढें गेलेलें असतें. अशा वेळीं तें जेथें उभें होतें तेथील झुडूप धरून मोजावें, आणि वहींत तसें लिहावें.