यंत्रांची हजेरी



दहावीच्या निकालाचा दिवस आपणा शिक्षकांच्या चांगला ओळखीचा आहे. ठरलेली वेळ झाली की लाखो मुले एकदम मोबाइलवर आपला बैठक क्रमांक घालतात. कुणाचे पान चटकन उघडते, कुणाच्या पडद्यावर नुसते चक्र फिरत राहते. सातबारा काढताना, दुकानात फोनवरून पैसे देताना हाच अनुभव. त्या चक्रामागे कुठेतरी यंत्रे चाललेली असतात, आणि ती नीट चालली आहेत ना, हे कुणीतरी रात्रंदिवस पाहत असते. आज बोलायचे आहे ते या पाहण्याबद्दल.

अशी यंत्रे मोठ्या संख्येने आहेत नवी मुंबईत. ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोली, रबाळे, महापे असे जाऊन पाहा. ज्या पट्ट्यात एके काळी रसायनांचे कारखाने गाजत होते, तिथे आता उंच, बंदिस्त इमारती दिसतात. ही डेटा सेंटरे. समुद्राखालून येणाऱ्या तारा मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, औद्योगिक भाग असल्याने विजेची सोय आहे, म्हणून ती इथे आली.

आता कंटेनर म्हटले की आपल्याला आठवतात ते न्हावा-शेवा बंदरातले लोखंडी खोके. हे बंदर १९८९ साली सुरू झाले. संगणकातला कंटेनर त्याच कल्पनेचा. एखादा प्रोग्रॅम आणि त्याला लागणारे सगळे सामान एका खोक्यात बांधायचे, म्हणजे तो खोका कोणत्याही यंत्रावर चढवता येतो. पुष्कळ यंत्रे एकत्र जोडून त्यांवर असे शेकडो खोके चालवले की त्याला क्लस्टर म्हणतात. त्यांवर देखरेख करणारा कुबरनेटिस नावाचा एक प्रोग्रॅम गूगलने २०१४ साली सर्वांना खुला केला. शब्द ग्रीक आहे, अर्थ सुकाणू धरणारा. आपल्या कोळी बांधवांचा तांडेलच म्हणा ना!

हा तांडेल मोठा तत्पर. एक खोका बंद पडला की तो लगेच पुन्हा उभा करतो. पण गोम इथेच आहे, बरं का. दर थोड्या वेळाने मरणारा आणि पुन्हा उठवला जाणारा खोका दुरून पाहणाऱ्याला धडधाकटच वाटतो. रोज चक्कर येऊन पडणारे पोर शिपायाने उचलून बाकावर बसवावे आणि गुरुजींनी पटावर ‘हजर’ लिहावे, तसे हे झाले. म्हणून जाणते लोक खोका आत्ता उभा आहे का एवढेच विचारत नाहीत. तासाभरात तो किती वेळा पडला, हे मोजतात.

हे मोजायचे कसे? त्यासाठी प्रॉमिथियस नावाचे साधन फार वापरात आहे. साउंडक्लाउड या संगीताच्या कंपनीत २०१२ साली त्याची सुरुवात झाली. त्याची रीत शिक्षकांना लगेच पटेल. ते प्रत्येक यंत्राकडे ठरावीक वेळाने, समजा दर १५ सेकंदांनी, स्वतः जाऊन हजेरी घेते : किती विनंत्या आल्या, किती फसल्या, उत्तराला किती वेळ लागला, जागा किती उरली. मुलांनी आपण होऊन ‘मी आलो’ सांगावे अशी पद्धत ठेवली, तर गप्प राहिलेला मुलगा आजारी आहे की नुसताच मुखदुर्बळ, हे कळत नाही. नाव पुकारले आणि उत्तर आले नाही, तर ते न येणे हीच बातमी होते.

मोजणे त्या मानाने सोपे. अवघड आहे ते हाक कधी मारायची, हे ठरवणे. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड या अणुवीज केंद्रात अपघात झाला, तेव्हा पहिल्या काही मिनिटांतच शंभरावर धोक्याच्या सूचना एकदम सुरू झाल्या. त्या गोंगाटात मुख्य बिघाड कोणता, हे चालकांना उमगेना. म्हणून एकाच कारणाने आलेल्या पन्नास सूचना एकत्र बांधून त्यांची एकच हाक करावी लागते. यंत्र क्षणभर दमले तर लगेच ओरडू नये. पाच मिनिटे तसेच राहिले तर ओरडावे. आणि नियम नेमका हवा. टाकी अर्धी झाली, ही काही घंटा वाजवण्याची गोष्ट नव्हे. या वेगाने पाणी गेले तर चार तासांत टाकी कोरडी पडेल, ही आहे. डिस्कची जागा संपत येते तेव्हा असाच हिशेब मांडता येतो.

माझा एक जुना विद्यार्थी ऐरोलीला रात्रपाळी करतो. मी विचारले, “बाबा रे, रात्री किती वेळा उठवतात?” तो म्हणाला, “सर, उठून मला काही करता येणार असेल, तरच फोन वाजला पाहिजे. बाकीचे सकाळी वहीत वाचीन.” मला हे फार शहाणपणाचे वाटले. दर रात्री दहा खोट्या हाका ऐकणारा माणूस अकरावी खरी हाक झोपेतच बंद करतो. त्यात त्याचा आळस नसतो.

आता आपण विचाराल, की हजेरी घेणारा मास्तरच बेशुद्ध पडला तर? प्रश्न अगदी रास्त आहे. पूर्वी गावात जागल्या असे. रात्री त्याची आरोळी ठरल्या वेळी ऐकू आली की माणसे कूस बदलून झोपत. ती आली नाही, तर जागी होत. या मंडळींनी नेमके तेच केले आहे. ते एक सूचना मुद्दाम अशी ठेवतात, की जी कधीच थांबत नाही. ती क्लस्टरच्या बाहेर, दुसऱ्या ठिकाणच्या यंत्राकडे सारखी जात राहते. तिथे काही मिनिटे ती पोचली नाही, की रात्रपाळीच्या माणसाचा फोन वाजतो. हे दुसरे यंत्र मात्र त्याच इमारतीत, त्याच विजेवर ठेवून चालत नाही. नाहीतर दिवे गेले की दोघेही एकदमच गप्प होतात.