उडत्या यंत्राची वीज गेली म्हणजे

रात्रीं पानें मांडलेलीं असतां घरांतली वीज गेली, तर गृहिणी शांतपणें मेणबत्ती शोधते. विजेवर चालणारी आगगाडी वाटेंत अडली, तर उतारूंच्या कपाळाला आठ्या पडतात. पण गाडी रुळांवर उभी असते आणि रुळांखालीं जमीन असते. वीज जाणें हा एरवीं गैरसोयीचा प्रसंग, संकटाचा नव्हे. परंतु जें यंत्र जमिनीपासून शंभर मीटर उंचीवर केवळ विजेनेंच तोलून धरलेलें असतें, त्याची वीज गेली तर? लग्नमांडवावर आणि मिरवणुकीवर घिरट्या घालणाऱ्या ड्रोनकडे पाहतांना हा प्रश्न प्रत्येक नागरिकाच्या मनांत यावयास हवा.

इंजिन बंद पडलें म्हणजे विमान दगडासारखें कोसळतें, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाहीं. २३ जुलै १९८३ रोजीं एअर कॅनडाचें एक बोइंग ७६७ विमान सुमारें ४१,००० फूट उंचीवरून जात असतां इंधन संपत आल्याचें वैमानिकांना कळलें, व थोड्याच वेळांत दोन्ही इंजिनें थंडावलीं. इंधन भरतांना पौंड आणि किलोग्रॅम यांच्या हिशेबांत घोटाळा झाला होता. इंधनदर्शक यंत्रणा तर आधींच नादुरुस्त होती. तरीहि वैमानिकांनीं तें अवजड विमान घारीसारखें तरंगत नेलें व गिम्ली या गांवच्या जुन्या धावपट्टीवर उतरविलें. आंतल्या ६९ माणसांपैकीं एकाचाहि प्राण गेला नाहीं. हा उपकार विमानाच्या रुंद पंखांचा. हेलिकॉप्टरलाहि अशी सोय आहे. इंजिन थांबलें तरी खालून वर येणाऱ्या हवेच्या झोतानें त्याचा मोठा पंखा फिरत राहतो, आणि कुशल वैमानिक पात्यांचा कोन बदलून जमिनीजवळ येतांना वेग मोडूं शकतो.

चार पंख्यांच्या ड्रोनपाशीं यांपैकीं कांहींच नाहीं. त्याला तरंगावयास पंख नाहींत. त्याच्या पात्यांचा कोन कायमचा ठरलेला असतो. त्याचा सारा तोल एक छोटासा संगणक क्षणोक्षणीं चारहि पंख्यांचा वेग कमीअधिक करून सांभाळीत असतो. सहा किंवा आठ पंख्यांचें ड्रोन एखादा पंखा बंद पडला तरी सांवरूं शकतें. पण मुळांतून वीजच तुटली, तर सगळे पंखे आणि त्यांना हुकूम सोडणारा संगणक एकाच क्षणीं निर्जीव होतात. १२० मीटर उंचीवरून जमीन गांठावयास अवघे कांहीं सेकंद लागतात. हवेचा विरोध जमेस न धरला, तर जमिनीला भिडतांना वेग ताशीं सुमारें १७५ किलोमीटर होतो. विरोध धरला, तर तो बराच उणा होतो. किलोभर वजनाचें यंत्र म्हणजे एका असोल्या नारळाएवढा भार. शिवाय पंखे थांबतांच त्यांची घरघरहि थांबते. म्हणजे खालच्या माणसाला आवाजाचीहि सूचना मिळत नाहीं.

अशा अपघातांचें एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेंतलें आहे. छायाचित्रणाचे छोटे कॅमेरे करणाऱ्या गोप्रो कंपनीनें २०१६ च्या ऑक्टोबरांत ‘कर्मा’ नांवाचें ड्रोन विक्रीस काढलें. नांव भारतीयांच्या ओळखीचें, आणि पुढचा प्रकारहि त्या नांवाला साजेसाच. कांहीं यंत्रें उडतां उडतां एकाएकीं शक्तिहीन होऊन खालीं येऊं लागलीं. ८ नोव्हेंबर रोजीं, विक्री सुरू होऊन पुरते तीन आठवडेहि झाले नव्हते तोंच, कंपनीनें विकलेलीं सुमारें २,५०० ड्रोनें परत मागविलीं व ग्राहकांना पैसे परत केले. सुदैवानें कोणास इजा झाल्याची नोंद नव्हती. शोधाअंतीं दोष आढळला तो बॅटरी जागेवर धरून ठेवणाऱ्या खटक्यांत! उड्डाणांत बॅटरी जागची हलत असे आणि वीज तुटत असे. खटका सुधारून २०१७ च्या फेब्रुवारींत ड्रोन पुन्हां बाजारांत आलें. परंतु जानेवारी २०१८ मध्यें कंपनीनें ड्रोनचा धंदाच सोडण्याचें जाहीर केलें.

दुसरें उदाहरण अधिक विचार करावयास लावणारें आहे. २०१८ च्या ऑक्टोबर महिन्यांत ब्रिटनच्या नागरी विमानवाहतूक खात्यानें डीजेआय कंपनीच्या मॅट्रिस २०० जातीच्या ड्रोनांविषयीं इशारा दिला. हीं कांहीं खेळणीं नव्हेत. पोलिसांसारखीं दलें तीं कामास लावीत. बॅटरींत पुरेसा अवधि शिल्लक असल्याचें दिसत असतांहि कांहीं यंत्रांची वीज संपूर्णपणें जाऊन तीं सरळ जमिनीवर आदळलीं होतीं. भरंवशाच्या म्हशीला टोणगा व्हावा, तसाच हा प्रकार.

प्रत्येक अपघाताचें कारण निराळें असतें. परंतु शिल्लक विजेचा आंकडा कां फसवूं शकतो, तें सांगतां येतें. टाकींतलें पाणी कांठी बुडवून मोजतां येतें. बॅटरींतली वीज अशी मोजतां येत नाहीं. दाब आणि प्रवाह पाहून यंत्र तिचें अनुमान करतें. ड्रोनच्या लिथियम बॅटरींतला प्रत्येक घट पूर्ण भरला असतां साधारण ४.२ व्होल्ट दाब देतो. पण मुंबईपुण्याच्या चाळींत सर्व बिऱ्हाडांनीं एकदम नळ सोडले म्हणजे टाकींत पाणी असूनहि वरच्या मजल्यावर धार बारीक होते, तसेंच येथें घडतें. ड्रोन वेगानें वर चढूं लागलें किंवा वाऱ्याशीं झुंजूं लागलें, कीं विजेची मागणी एकदम वाढते व दाब खालीं बसतो. बॅटरी जुनी असेल किंवा थंडीनें गारठली असेल, तर तो अधिकच बसतो. आणि घट एकामागून एक जोडलेले असल्यामुळें सर्वांत दुबळ्या घटानें हात टेकले, कीं बाकीच्यांची शक्ति असून नसल्यासारखी होते.

यावर कारखानदारांनीं करावयाचे उपाय आहेत: एकमेकींवर अवलंबून नसलेल्या दोन बॅटऱ्या, हादऱ्यांनीं न सुटणारा खटका, आणि स्वतंत्र विजेवर उघडणारी हवाई छत्री. उडविणाऱ्यानें पाळावयाचे नियम त्याहून साधे आहेत. फुगलेली बॅटरी वापरूं नये. गारठलेली बॅटरी आधीं उबेस आणावी. खटका नीट बसला, याची हातानें खातरी करावी. उंच जाण्यापूर्वीं मिनिटभर माणसाच्या उंचीवर यंत्र स्थिर ठेवून पाहावें. आणि बॅटरी बरीच शिल्लक असतांनाच परत फिरावें.

महाराष्ट्रांतहि २०२० सालीं सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखालीं गांवठाणांचें मोजमाप ड्रोनांनीं झालें आहे. शेतांत औषध फवारण्यासहि तीं उपयोगी पडतात. अशा यंत्राला भिऊन घरांत बसण्याचें कारण नाहीं. पण खटका, घट आणि आंकडा हीं तिन्ही दगा देऊं शकतात, आणि तो दगा सोसावयास खालीं मोकळी जमीन असली म्हणजे नुकसान केवळ पैशाचें होतें. म्हणून लग्नघरच्या यजमानानें छायाचित्रकाराला एवढें अवश्य सांगावें, कीं ड्रोन मांडवाच्या बाजूनें फिरवा, माणसांच्या डोक्यांवरून नको. चित्र थोडें तिरकें आलें तरी चालेल.