भिंतीला जामीन कोण?

जबलपूरच्या जुन्या वस्तीत, कोतवालीच्या परिसरात, सराफा नावाची पेठ आहे. त्रिपुरी काँग्रेसची आठवण म्हणून उभारलेला कमानिया दरवाजा तेथून जवळच. इ. स. १७८१ पासून १८१७ पर्यंत हे शहर प्रथम सागरच्या मराठी सरदारांच्या आणि पुढे नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होते, आणि मराठी कुटुंबांचे वास्तव्य तेथे आजही आहे. पेठेचा व्यापार नावाप्रमाणेच सोन्याचांदीचा. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड, शेजारच्या घराला खांदा लावून उभे असलेले घर, आणि दोन घरांमध्ये जेमतेम एक भिंत, हे कोणत्याही जुन्या बाजारपेठेचे रूप येथेही दिसते.

अशा पेठेत सोन्याची परीक्षा ही नित्याची गोष्ट आहे. सराफ सोने कसोटीवर घासून पाहतो, वजन काट्यावर तोलतो. आणि १६ जून २०२१ पासून सोन्याच्या दागिन्यांवर शुद्धतेचे शासनमान्य चिन्ह असणे देशातील २५६ जिल्ह्यांत प्रथम, आणि मग टप्प्याटप्प्याने इतरत्र, सक्तीचे झाले. दोन ग्रॅमांहून जड अशा अंगठीसाठीसुद्धा ही व्यवस्था आहे. परंतु ज्या चार भिंतींच्या आत हा सारा व्यवहार चालतो, आणि ज्यांच्यावर वरच्या मजल्यावरील माणसांचे प्राण विसंबून असतात, त्या भिंती उभारणाऱ्याची परीक्षा कोणी घेतली, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. घर बांधण्याचे किंवा पाडण्याचे काम अंगावर घेणाऱ्या कंत्राटदाराला परवाना हवा काय, आणि तो नसताना त्याने काम केले तर त्याला शिक्षा कोणती, हा विषय म्हणूनच विचारात घेण्याजोगा आहे.

जबलपूरला या प्रश्नाची जाणीव निसर्गाने करून दिली. २२ मे १९९७ रोजी पहाटे, साडेचार वाजण्याच्या थोडे आधी, शहर गाढ झोपेत असताना भूकंप झाला. त्याचे केंद्र शहराच्या आग्नेयेस कोसमघाटच्या जवळ, जमिनीत बरेच खोल होते. धक्का सहा मापाच्या आसपासचा. सुमारे चाळीस माणसे दगावली, शेकडो जखमी झाली आणि जबलपूरबरोबरच मंडला, शिवनी व छिंदवाडा या जिल्ह्यांतही हजारो घरांची पडझड झाली. नर्मदेच्या खोऱ्यात भूकंप व्हावा यात नवल काही नव्हते. १९३८ सालीच सातपुड्याच्या परिसरात असा एक मोठा धक्का बसून गेला होता, आणि भारतीय मानकांच्या नकाशात जबलपूर तिसऱ्या भूकंप-क्षेत्रात दाखविलेले होते. घरे भूकंपात टिकावीत यासाठी ती कशी बांधावीत, याचे भारतीय मानक तर १९६७ सालापासून छापील स्वरूपात उपलब्ध होते.

त्या मानकातील सांगणे मोठे गहन नाही. जोत्याच्या पातळीवर, दारांखिडक्यांच्या माथ्यावर आणि छताखाली लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटची पट्टी सर्व भिंतींभोवती अखंड फिरवावी, म्हणजे चारही भिंती एकमेकींना धरून राहतात. कोपऱ्यात उभ्या सळ्या घालाव्यात. दारे-खिडक्या कोपऱ्याला खेटून ठेवू नयेत. दगडी भिंत असेल तर तिच्या दोन्ही अंगांना सांधणारे आरपार दगड ठरावीक अंतराने बसवावेत. एकूण खर्चाच्या मानाने या गोष्टींचा खर्च थोडा असतो. पण त्या भिंतीच्या पोटात राहतात. गिलावा झाल्यावर त्या आहेत की नाहीत हे घरमालकाला दिसत नाही. सोन्यातील भेसळ कसोटीवर उमटते, भिंतीतील भेसळ मात्र धक्का बसेपर्यंत झाकलेली राहते.

महाराष्ट्राने हाच धडा त्यापूर्वी चार वर्षे, फार मोठ्या किमतीला, घेतला होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मृतांचा शासकीय आकडा आठ हजारांच्या घरात गेला. तेथील घरांच्या भिंती दगडमातीच्या आणि चांगल्या जाड होत्या. वर मातीचे जड माळवद. भिंत जाड म्हणजे घर भक्कम, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा समज त्या एका पहाटेने खोटा ठरविला. त्या भिंती रचणाऱ्या गवंड्यांनी कोणालाही फसविले नव्हते. त्यांना जे शिकविले गेले तेच त्यांनी केले होते, आणि अशी घरे भूकंपात कशी वागतात हे त्यांना कोणीही सांगितले नव्हते.

आता कायद्याकडे वळावे. भिंतीतून जाणारी विजेची तार घ्या. १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी असे ठरविले की, दिवा किंवा पंखा बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडून, विजेची जोडणी परवानाधारक वीज-कंत्राटदारानेच, प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली करावी. ते नियम पुढे बदलले, पण हे तत्त्व आजही कायम आहे. सरकारी रस्ता, पूल किंवा इमारत बांधणाऱ्याला सार्वजनिक बांधकाम खात्याकडे नोंदणी करावी लागते, आणि काम बिघडविले तर त्याचे नाव काळ्या यादीत जाते. महानगरपालिकेकडे नकाशा सादर करणारा अभियंता वा पर्यवेक्षकही परवानाधारक असावा लागतो. मात्र नकाशा मंजूर झाल्यावर, खाजगी घराची प्रत्यक्ष भिंत उभारणाऱ्या कंत्राटदारासाठी असा सर्वसाधारण परवाना आपल्या देशात नाही. तारेला परवाना हवा आणि तार जिच्यातून जाते त्या भिंतीला नको, अशी ही विसंगती आहे.

‘परवाना’ हा शब्द बांधकामाच्या संदर्भात अनेक कायद्यांत येतो, त्यामुळे गैरसमज होण्याचा संभव आहे. १९७० च्या कंत्राटी कामगार अधिनियमानुसार वीस किंवा अधिक मजूर लावणाऱ्या कंत्राटदाराला परवाना लागे, आणि तो नसल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शके. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली आणि ही मर्यादा पन्नास मजुरांवर गेली. पण हा परवाना मजुरांच्या वेतनासाठी आणि सोयींसाठी. भिंत सरळ आहे की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमाचेही तसेच. नोंदणी नसताना ‘वास्तुविशारद’ ही उपाधी लावणे त्याने दंडनीय केले. परंतु मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मनाई उपाधीला आहे, त्या प्रकारचे काम करण्याला नाही. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने नोंदणी न करता प्रकल्प विकणाऱ्याला प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड ठेवला, आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधणीतील दोष दिसल्यास तो विनामूल्य दुरुस्त करण्याची जबाबदारी विकासकावर टाकली. ही तरतूद मोलाची खरी; परंतु पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरील किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पाला नोंदणी सक्तीची नाही, आणि स्वतःच्या जागेवर स्वतःचे घर बांधणारा तर तिच्या कक्षेतच येत नाही. जुन्या पेठेतील अरुंद घरांची गोष्ट बहुधा या कक्षेबाहेरचीच असते.

मग शिक्षा उरते ती कोणाला? मध्यप्रदेशात १९५६ च्या महानगरपालिका अधिनियमाखाली बांधकामाची परवानगी घ्यावी लागते. ती न घेता किंवा मंजूर नकाशा सोडून बांधले तर ते काम पाडण्याचा आदेश निघू शकतो. महाराष्ट्रात १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमात अनधिकृत बांधकामाला कैदेची शिक्षाही आहे. तथापि हे सारे परवानगीच्या कागदाविषयी आहे, आणि त्याचा भार प्रामुख्याने मालकावर पडतो. काही मर्यादेपर्यंतचे जादा बांधकाम शुल्क भरून नियमित करून घेण्याची सोयही कायद्यात आहे. अशा शुल्काने क्षेत्रफळ नियमित होते. भिंतीत नसलेली सळई त्याने भिंतीत येत नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ शीळ फाटा येथे अनधिकृत इमारत कोसळून ७४ जणांचा बळी गेला, तेव्हा कागदाची उणीव आणि कामाची उणीव बहुधा हातात हात घालून येतात, हेही दिसून आले.

फौजदारी कायद्यातील एक गोष्ट तर विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत इमारत पाडताना किंवा दुरुस्त करताना केलेल्या हलगर्जीपणाला शिक्षा होती. इमारत बांधतानाच्या हलगर्जीपणाचा त्या कलमात उल्लेखच नव्हता. तो शब्द भारतीय न्याय संहितेच्या २९० व्या कलमात आला आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आला. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांनंतर बांधणारा माणूस या कलमाच्या कक्षेत आला. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हलगर्जीपणामुळे मृत्यू ओढवला तर १०६ व्या कलमाखाली पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. परंतु मृत्यूनंतरच्या शिक्षेने गेलेला माणूस परत येत नाही, आणि हलगर्जीपणा सिद्ध करण्याचे ओझे ढिगाऱ्यातून पुरावा वेचणाऱ्यांवर येऊन पडते.

बाहेरच्या जगाने हा प्रश्न वेगवेगळ्या रीतींनी सोडविला आहे. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी बाबिलोनचा राजा हम्मुराबी याने, घर कोसळून मालक मेल्यास बांधणाऱ्याला देहदंड सांगितला होता. आणि भिंत कलू लागली तर ती बांधणाऱ्याने स्वखर्चाने भक्कम करून द्यावी, असेही त्याने सांगितले. भूकंपाच्याच प्रदेशात वसलेल्या अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९२९ साली बांधकाम कंत्राटदारांसाठी परवान्याची व्यवस्था सुरू केली. १ जानेवारी २०२५ पासून तेथे साधारणतः एक हजार डॉलर किंवा त्याहून मोठ्या कामाला परवाना लागतो. विनापरवाना काम करणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार डॉलरपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. आणि आपत्तिग्रस्त घोषित झालेल्या भागात लोकांच्या अगतिकतेचा फायदा घेऊन असे काम केले तर गुन्हा अधिक गंभीर ठरतो. कैदेहूनही परिणामकारक अशी एक तरतूद तेथे आहे. परवाना नसलेला कंत्राटदार आपल्या मजुरीसाठी न्यायालयात दावाच लावू शकत नाही. उलट दिलेली सर्व रक्कम परत मागण्याचा हक्क घरमालकाला मिळतो. कामाचा पैसाच बुडणार असेल, तर परवाना घेण्याची बुद्धी आपोआप होते.

ही व्यवस्था जशीच्या तशी आपल्याकडे आणावी काय? येथे सावधपणे पाऊल टाकणे आवश्यक आहे. आपल्याकडील गवंडी बहुधा बापाच्या किंवा मिस्त्रीच्या हाताखाली, आधी घमेली वाहून आणि मग थापी धरून शिकलेला असतो. त्याच्या हातात कसब असते, कागद नसतो. उद्या कायदा करून परवाना नसलेल्या प्रत्येकाला दंड ठोठावला, तर रोजावर काम करणारा गवंडी दंड भरील आणि दुसऱ्याचा परवाना भाड्याने घेणारा कंत्राटदार मोकळा राहील. किल्लारीनंतर पुनर्वसनाच्या कार्यक्रमात गवंड्यांना भूकंपविरोधी बांधणीचे शिक्षण देण्यात आले. तो मार्ग अधिक शहाणपणाचा होता. शिक्षण आधी, परीक्षा नंतर, आणि शिक्षा शेवटी, हा क्रम उलटून चालणार नाही. तसेच परवान्याचे बंधन थापी धरणाऱ्यावर नव्हे, तर संपूर्ण कामाचा पैसा घेऊन जबाबदारी पत्करणाऱ्यावर असले पाहिजे. विजेच्या बाबतीत हे तत्त्व आपण १९५६ पासून मान्य केले आहे. भिंतीच्या बाबतीत ते अशक्य मानण्याचे कारण नाही.

तोपर्यंत घरमालकाच्या हाती काहीच नाही असे मात्र नव्हे. जुन्या बाजारपेठेत नेहमी घडणारी गोष्ट पाहावी. दुकानाची दर्शनी बाजू मोठी करावयाची म्हणून मधली भिंत काढून तिच्या जागी लोखंडी तुळई घालण्याचे ठरते. तोंडी सौदा होतो, चार दिवसांत भिंत जाते. त्या भिंतीवर वरच्या दोन मजल्यांचे ओझे होते काय, आणि शेजारच्या घराची तुळई तिच्यावर टेकलेली होती काय, हे पाहिलेलेच नसते. अशा वेळी मालकाने काम सुरू होण्यापूर्वी परवानाधारक अभियंत्याची लेखी संमती घ्यावी. कंत्राटदाराशी करार कागदावर करावा आणि त्यात सळ्यांची जाडी, पट्ट्यांची जागा आणि सिमेंट-वाळूचे प्रमाण नमूद करावे. कंत्राटदाराने पूर्वी केलेली दोन कामे प्रत्यक्ष पाहावीत. गिलाव्यापूर्वी आणि काँक्रीट ओतण्यापूर्वी अभियंत्याकडून तपासणी करून घेतल्याखेरीज पुढचा हप्ता देऊ नये. शेवटी महानगरपालिकेकडून काम पूर्ण झाल्याचा दाखला घ्यावा. यांपैकी कोणत्याही गोष्टीसाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. किंबहुना, रोखलेला हप्ता हाच आज घरमालकाच्या हातातील सर्वांत जवळचा दंड आहे.

१९९७ च्या त्या पहाटे जबलपुरात जी घरे कोसळली, त्यांच्या मालकांनी कंत्राटदाराशी घासाघीस करून भाव ठरविला नसेल असे नाही. भाव सर्वत्र ठरविला जातोच. सळई कोणती, पट्टी कोठे, तपासणार कोण, हे प्रश्न मात्र त्या बोलण्यात क्वचितच येतात. सोने घेताना पाच प्रश्न विचारणारा आपला समाज घर बांधतानाही तितकेच प्रश्न विचारू लागेल, आणि त्या प्रश्नांना उत्तर देण्यास बांधील असा कंत्राटदार कायदा निर्माण करील, तेव्हाच भिंतीला खरा जामीन मिळेल.