प्रादेशिक आराखडा आणि आपले गाव
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या या सभेत मागील पन्नास वर्षांचा आढावा घेणारी भाषणे झाली. मला मात्र चिटणिसांनी पुढील पंचवीस वर्षांविषयी बोलावयास सांगितले, आणि विषय दिला तो गोव्याच्या जमिनीचा. विषय रुक्ष आहे खरा. परंतु ज्याच्या घरी वडिलोपार्जित शेताचा तुकडा आहे, किंवा ज्याच्या मुलाला गावातच घर बांधावयाचे आहे, त्याला तो टाळता यावयाचा नाही.

आपल्या गोव्याचे क्षेत्रफळ अवघे 3,702 चौरस किलोमीटर. मुक्तीच्या सुमारास येथे 5 लाख 90 हजारांच्या आसपास माणसे होती. 2011 च्या जनगणनेत ती 14 लाख 58 हजारांवर गेली, आणि त्यांपैकी शेकडा 62 शहरी भागांत राहणारी निघाली. माणसे वाढली, जमीन होती तेवढीच राहिली. पूर्वेला सह्याद्रीची अरण्ये, पश्चिमेला समुद्र. मधल्या पट्ट्यातच शेती, घरे, रस्ते, कारखाने आणि हॉटेले या सर्वांची सोय लावावयाची आहे. जागा थोडी आणि मागणारे पुष्कळ, अशा वेळी वाटणीचा काही नियम लागतो. तो नियम म्हणजेच प्रादेशिक आराखडा.

हा नियम कोणत्या तत्त्वावर करावा? आपल्या भूमीनेच ते सांगून ठेविले आहे. सड्यावर पडलेला पाऊस जांभ्यात मुरतो, डोंगराच्या पायथ्याशी झरा होऊन बाहेर येतो, कुळागराला मिळतो, तेथून शेतात उतरतो आणि शेवटी खाजनात पोचतो. वर डोंगर कापला की खाली विहीर आटते आणि भाताच्या खाचरात माती येऊन बसते. म्हणून एका सर्व्हे नंबराचा विचार एकट्याने करता येत नाही. आमच्या पूर्वजांनी गावकरीच्या व्यवस्थेत हे ओळखले होते. खाजनाचा बांध आणि मानस पाहा. भरतीच्या दाबाने मानशीची दारे आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात. खारे पाणी बाहेर राहते, आणि आत कोरगुटासारखे भात पिकते. परंतु बांधाला एके ठिकाणी भगदाड पडले तर सगळ्यांचेच शेत बुडते. तेव्हा बांधाची चिंता सर्वांनी वाहावी, असा दंडक होता.

आधुनिक काळात हे काम कायद्याने हाती घेतले. नगर व ग्रामनियोजन कायदा 1974 चा. त्याखाली 2001 सालापर्यंतचा पहिला प्रादेशिक आराखडा 1986 मध्ये लागू झाला. पुढचा, 2011 सालापर्यंतचा, 2006 मध्ये जाहीर झाला, तेव्हा शेते व डोंगर वसाहतीखाली दाखविल्याचे पाहून लोक रस्त्यावर आले, आणि जानेवारी 2007 मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. त्यानंतर सुप्रसिद्ध वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया उपाध्यक्ष असलेल्या कृतिदलाने नवा मसुदा तयार केला. त्यात नाजूक भूमीचे दोन वर्ग पाडले, आणि गावागावांचे नकाशे ग्रामसभांपुढे ठेविले. नकाशा लोकांनी वाचावा व दुरुस्ती सुचवावी, ही गोष्ट मोठी होती. 2021 सालापर्यंतचा तो आराखडा 2011 मध्ये जाहीर झाला. पण 2012 मध्ये तो स्थगित ठेवण्यात आला. पुढे 2021 हे सालही उलटून गेले.

दरम्यान कायद्यात एकेका जमिनीचा विभाग बदलण्याच्या वाटा घालण्यात आल्या: 2018 मध्ये कलम 16-ब, 2023 मध्ये 17(2), आणि 2024 मध्ये 39-अ. यांपैकी 17(2) खालील नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2025 मध्ये रद्द ठरविले. कायद्याचा काथ्याकूट वकिलांवर सोडू. आपल्यापुढचा प्रश्न साधा आहे. संपूर्ण प्रदेशाचा विचार करून आखलेली रेघ एकेका अर्जावरून हलू लागली, तर आराखड्यात उरले काय? एक अर्ज लहानच असतो. बांधाला पडणारे पहिले भोकही लहानच असते.

परंतु येथे एक कटू गोष्ट बोलली पाहिजे. रूपांतर मागणारा दरवेळी परकाच असतो असे नाही. आपल्या वारसाहक्काच्या कायद्याने मुलगा व मुलगी समान वाटेकरी असतात. हे न्याय्यच आहे, पण पिढीगणिक वाटेकरी वाढतात. कोणी मुंबईत, कोणी परदेशात. शेत पडीक राहते आणि एके दिवशी विकून मोकळे व्हावे असे सर्वांना वाटू लागते. 2023 च्या कायद्याने भातशेती बिगरशेतकऱ्यास विकण्यावर निर्बंध घातले आहेत. तरी पडीक शेत राखावयाचे कसे, हे कायदा सांगत नाही. ते कुटुंबांनी एकत्र बसूनच ठरवावे लागेल.

दुसरी बाजूही आहे. गावातल्या तरुणाला घर पाहिजे, आणि त्याची मिळकत व जमिनीचा भाव यांचा मेळ बसत नाही. केवळ "नको, नको" म्हणणारा आराखडा त्याला गावाबाहेर घालवील. वाड्याला लागून, रस्ता व पाणी असलेल्या जागी रहिवाशांच्या घरांसाठी जमीन राखून ठेवणे हा संरक्षणाइतकाच आराखड्याचा धर्म आहे. हे दोन्ही ज्याला साधते तोच नकाशा टिकतो.

आता आपण काय करावे? पहिले, आपल्या जमिनीचा एक-चौदाचा उतारा पाहून थांबू नये. त्यात मालक व कूळ कळतात. जमिनीचा विभाग नियोजन खात्याच्या नकाशावरून कळतो. दुसरे, विभागबदलाची सूचना राजपत्रात येते आणि हरकतीला मुदत थोडी असते. 39-अ खाली ती 30 दिवसांची आहे. आपल्या गावाचे नाव त्यात आहे काय, हे पाहण्याचे काम प्रत्येक वाड्यातून एका शिकलेल्या मुलाने वा मुलीने घ्यावे. तिसरे, हरकत लिहिताना राग न लिहिता सर्व्हे नंबर, झरा, उतार, वाट या गोष्टी लिहाव्या. चौथे, ग्रामसभेला जावे, आणि आपले कामही त्याच मापाने मोजून घेण्याची तयारी ठेवावी.

ही संस्था पन्नास वर्षे टिकली, कारण ज्यांनी वर्गणी दिली त्यांनी ती आपल्यापेक्षा पुढच्यांसाठी दिली. ज्या मुलांना आज आपण शिष्यवृत्त्या वाटल्या, ती शिकून परत येतील तेव्हा त्यांना विहिरीत पाणी आणि उभे राहावयास जागा मिळावी, एवढीच इच्छा व्यक्त करून आपली रजा घेतो.