नऊ देशांचा एक पाऊस



शिवाजीनगरच्या ज्या चौकांत आपण बसमधून उतरतां किंवा रिक्षाला हात करतां, त्यास पुणेकर 'सिमला ऑफिस' असें कां म्हणतात, याचा विचार फारसें कोणी करीत नाहीं. १९२८ सालीं हिंदुस्थानच्या हवामानखात्याचें मुख्य ठाणें सिमल्याहून पुण्यास आलें आणि डोंगर मागें राहिला तरी नांव मात्र कारकुनांबरोबर खालीं उतरलें. मुख्य ठाणें पुढें दिल्लीस गेलें. नांव येथेंच राहिलें. या वेधशाळेवर पुणेकरांनीं पिढ्यान् पिढ्या विनोद केले आहेत. तिनें पाऊस सांगितला कीं छत्री घरीं ठेवावी, हा त्यांतला बहुधा सर्वांत जुना. परंतु याच वेधशाळेच्या आणि पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या सहाय्यानें २०१० सालापासून नऊ देशांच्या हवामानशास्त्रज्ञांचा एक मेळा भरत आला आहे, हें आपल्यापैकीं थोड्यांस ठाऊक असेल. तो कसा चालतो, कोठें अडतो, आणि जेथें दोन शेजाऱ्यांना एका टेबलाशीं बसविणें कठीण तेथें तो मुळीं टिकला कसा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

देश कोणते, तें प्रथम सांगतों. अफगाणिस्तान, बांगला देश, भूतान, भारत, मालदीव, म्यानमार, नेपाळ, पाकिस्तान आणि श्रीलंका. यांच्यामध्यें भाषा एक नाहीं, धर्म एक नाहीं, राज्यपद्धति एक नाहीं. काहींच्या सीमेवर तोफाही धडाडलेल्या आहेत. एक गोष्ट मात्र सर्वांची एक आहे आणि ती म्हणजे पाऊस. जूनमध्यें नैर्ऋत्येकडून येणारा वारा केरळास भिजवितो तोच बंगालच्या उपसागरावरून वळून म्यानमार आणि बांगला देश यांस भिजवितो, आणि हिमालयास अडून नेपाळ-भूतानांत रिता होतो. मेघालयाच्या डोंगरावर कोसळलेलें पाणी सिल्हेटच्या सखल भागांत पूर होऊन उतरतें. नेपाळांत कोसी फुगली म्हणजे बिहारच्या गांवांची झोंप उडते. ढगाला पारपत्र लागत नाहीं, हें वाक्य सभांतून फार वेळां ऐकूं येतें. पण त्या ढगाचें मोजमाप ठेवणाऱ्या वहीला मात्र तें लागतें, आणि खरी अडचण तेथूनच सुरू होते.

एके काळीं ही अडचण नव्हती, कारण बहुतेक वह्या एकाच मालकाच्या होत्या. हिंदुस्थानचें हवामानखातें १८७५ सालीं स्थापन झालें. ब्लॅनफर्डसाहेबांनीं हिमालयावरील बर्फ पाहून पावसाचें भाकीत करण्याची प्रथा पाडली आणि १८८६ पासून तें नियमितपणें प्रसिद्ध होऊं लागलें. त्यांच्या मागून आलेले सर गिल्बर्ट वॉकर हे तर गणिती. १९०४ ते १९२४ या वीस वर्षांत त्यांनीं दक्षिण अमेरिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंतचे हवेच्या दाबाचे आंकडे गोळा करून आपल्या पावसाशीं त्यांचा संबंध लावला. साम्राज्याची तार आणि साम्राज्याचे अधिकारी हाताशीं होते. आंकडा मागावा आणि तो यावा. पुढें १९३७ मध्यें ब्रह्मदेशाचें खातें वेगळें झालें, आणि १९४७ मध्यें फाळणीबरोबर पर्जन्यमापकांचीही वांटणी झाली. पाऊस पडावयाचा तसाच पडत राहिला. त्याची नोंद मात्र तुकड्यातुकड्यांनीं होऊं लागली. साम्राज्य गेलें याचें दुःख कोणी करूं नये. तथापि साम्राज्यानें हुकुमानें जें घडविलें, तें स्वतंत्र राष्ट्रांनीं राजीखुषीनें कसें घडवावें, हा प्रश्न त्या दिवसापासून उभा आहे.

त्याचें एक उत्तर आफ्रिकेंत प्रथम सांपडलें. १९९७ सालीं आफ्रिकेच्या दक्षिण भागांतील देशांनीं जागतिक हवामान संघटनेच्या मदतीनें एकत्र बसून येणाऱ्या पावसाळ्याचा एकच अंदाज ठरविण्याचा प्रयोग केला. तीच रीत २०१० च्या एप्रिलांत पुण्यास आली, आणि दक्षिण आशियाच्या या मेळ्यास इंग्रजी आद्याक्षरांवरून 'सॅस्कॉफ' हें थोडें ओबडधोबड नांव मिळालें.

कामाची पद्धति अशी. प्रथम गेल्या वर्षीं आपण काय सांगितलें आणि प्रत्यक्ष काय झालें याचा हिशेब मांडावयाचा. मग पॅसिफिक महासागराचें पाणी तापलें आहे कीं निवलें आहे, म्हणजे 'एल निनो'ची लक्षणें आहेत कीं काय, हिंदी महासागराचा कल कसा आहे, उत्तरेकडे बर्फ किती पडलें, हें पाहावयाचें. नंतर प्रत्येक देशाचा प्रतिनिधि आपापला अंदाज मांडतो, आणि जगांतील मोठ्या केंद्रांच्या गणकयंत्रांनीं काढलेले अंदाज त्यांच्या शेजारीं ठेवले जातात. शेवटीं सर्व प्रदेशाचा एक नकाशा रंगतो आणि त्याखालीं थोडक्यांत एक निवेदन लिहिलें जातें.

या नकाशांत 'अमुक इंच पाऊस पडेल' असें नसतें. एखाद्या ठिकाणच्या तीस पावसाळ्यांचे आंकडे चढत्या क्रमानें लावले, तर सर्वांत कोरडीं दहा वर्षें, मधलीं दहा आणि सर्वांत ओलीं दहा असे तीन वाटे पडतात. आपणांस काहींच ठाऊक नसेल, तर येणारें वर्ष तिन्हींपैकीं कोणत्याही वाट्यांत पडण्याचा संभव सारखाच, म्हणजे सुमारें ३३ टक्के. शास्त्राचें काम एवढेंच कीं हा तराजू कोणत्या बाजूस झुकतो आहे तें सांगावयाचें. 'येथें ओल्या वाट्याचा संभव ४५ टक्के' असें नकाशा म्हणतो, तेव्हां त्याच वाक्यांत ५५ टक्के 'नाहीं' दडलेलें असतें. आपलें पंचांग नक्षत्राचें वाहन बेडूक आहे कीं कोल्हा आहे हें सांगून मोकळें होतें. त्या सुटसुटीत भाषेची संवय झालेल्या कानांस ही टक्केवारी पळवाट वाटते. ती पळवाट नसून आपल्या अज्ञानाचें मोजमाप आहे.

आणि हें सर्व मतदानावांचून चालतें. नऊ देशांत मतें घेतलीं तर भूतानाचें एक मत आणि भारताचेंही एकच. तें मोठ्यांस रुचणार नाहीं. लोकसंख्येप्रमाणें मोजलीं तर मालदीवानें यावेंच कशाला? म्हणून चर्चा करीत करीत सर्वांस मान्य होईल अशा मजकुरावर यावयाचें. निवेदनानें कोणाच्याही देशी खात्याचे हात बांधले जात नाहींत. प्रतिनिधि घरीं गेले कीं आपल्या देशाचा, आपल्या जिल्ह्यांचा अंदाज ते स्वतः काढतात आणि त्याची जबाबदारी स्वतः घेतात. माझ्या मतें या मेळ्याच्या दीर्घायुष्याचें हें मोठें कारण आहे. यांत कोणी कोणाच्या अंकित नाहीं.

परंतु एकमताची किंमतही द्यावी लागते. नऊ जणांस मान्य होणारें वाक्य बहुधा मधल्या वाट्याकडे सरकतें. 'साधारण' हा शब्द मोठा सभ्य आहे. तो कोणाला दुखवीत नाहीं आणि फारसा चुकतही नाहीं. असल्या प्रादेशिक बैठकींवर हा आक्षेप जगभर घेतला गेला आहे, आणि म्हणूनच अंदाज चर्चेपेक्षां तपासतां येईल अशा निश्चित गणितावर उभारावा, असा आग्रह जागतिक हवामान संघटनेनें अलीकडे धरला आहे. तो योग्यच आहे. मात्र मेळ्यानें धीर दाखविला नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. २०१५ च्या एप्रिलांत ढाक्क्यास भरलेल्या बैठकीनें पाऊस कमी पडण्याकडे कल असल्याचें स्पष्ट सांगितलें. त्या वर्षीं भारतांत सरासरीच्या ८६ टक्केच पाऊस झाला, आणि पुढच्या उन्हाळ्यांत लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, हें आपल्या सर्वांच्या स्मरणांत आहे.

हंगामाचा अंदाज काय सांगूं शकत नाहीं, तेंही पहिल्याच वर्षीं कळून चुकलें. २०१० च्या जुलै अखेरीस पाकिस्तानच्या वायव्य भागांत थोड्या दिवसांत इतका पाऊस कोसळला कीं सिंधु नदीनें सुमारें दोन कोटि लोकांना तडाखा दिला. चार महिन्यांच्या बेरजेवरून चार दिवसांचा प्रलय ओळखतां येत नाहीं. त्यासाठीं रोजच्या आंकड्यांची, नदीच्या पातळीची देवघेव हवी, आणि तेथें सरकारें हात आंखडतात. आपल्याकडेही गंगा, ब्रह्मपुत्रा, सिंधु यांच्या प्रवाहाचे आंकडे सर्रास खुले केले जात नाहींत. पाणीवांटपाच्या भांडणांत आंकडा हें शस्त्र ठरतें, मग शास्त्रज्ञानें कितीही विनविलें तरी तें म्यानाबाहेर येत नाहीं. पावसाचा आंकडा एकमेकांस द्यावयाचा आणि त्याच पावसानें फुगलेल्या नदीचा लपवावयाचा, हा व्यवहार मला तरी समर्थनीय वाटत नाहीं.

येथें एक तुलना करण्यासारखी आहे. 'सार्क' या राष्ट्रसंघानें १९९५ सालीं ढाक्क्यास हवामानसंशोधनाचें एक केंद्र काढलें होतें. त्यास इमारत होती, संचालक होता, सर्व सरकारांच्या सह्या होत्या. २०१४ नंतरच्या काटछाटींत तें बंद पडलें. २०१६ सालची इस्लामाबादची 'सार्क' शिखर-परिषद तर भरलीच नाहीं. पुण्याच्या मेळ्याला स्वतःची इमारत नाहीं कीं ध्वज नाहीं. तो मात्र काठमांडूस, ढाक्क्यास, कोलंबोस, थिंफूस फिरून पुन्हां पुण्यास येत राहिला, आणि २०२० च्या साथींत प्रवास थांबले तेव्हां दूरसंपर्कानें भरला. इमारतीचा अभिमान राजकारणास लागतो. या मेळ्याला एक काम आहे, आणि त्याची मुदत मोसमी वाऱ्यानें ठरविलेली आहे. मे संपण्यापूर्वीं अंदाज तयार झालाच पाहिजे. नंतर तो कोणाच्या कामाचा?

मानापमानाचा प्रश्न शास्त्रज्ञांतही असतोच. त्यावरची एक गमतीची तोड चक्रीवादळांच्या समितीनें काढली आहे. १९७० च्या नोव्हेंबरांत पूर्व बंगालांत वादळानें तीन लाखांहून अधिक माणसें मारलीं, आणि त्यानंतर १९७२ मध्यें उपसागराकांठच्या देशांची ही समिति झाली. वादळांना नांवें द्यावीं असें २००० सालीं तत्त्वतः ठरलें. पण कोणाच्याही भावना दुखवूं नयेत अशीं नांवें जमवितां जमवितां २००४ उजाडलें. मग देशांचीं नांवें इंग्रजी वर्णक्रमानें एकाखालीं एक लिहिलीं आणि प्रत्येकानें आपली यादी पुढें केली; कोण आधीं हा वाद तेथेंच मिटला. पहिली यादी आठ देशांची, चौसष्ट नांवांची होती. २०२० ची तेरा देशांची, १६९ नांवांची. या नव्या यादींतलें पहिलेंच नांव बांगला देशाचें 'निसर्ग', आणि तें ३ जून २०२० रोजीं रायगडच्या किनाऱ्यावर येऊन आदळलें. पुण्यांतलीं झाडेंही त्यानें उपटलीं. पुढच्या वर्षीं पाकिस्ताननें नांव दिलेलें 'गुलाब' पूर्वकिनाऱ्यावर उतरलें आणि त्याच्या उरल्यासुरल्या ढगांनीं मराठवाड्याचीं उभीं पिकें पाण्याखालीं घातलीं. हीं नांवें कोठून येतात, हें आपल्या शेतकऱ्यास कोणी सांगितलें असेल असें वाटत नाहीं.

मेळ्याचें खरें फळ मात्र, माझ्या समजुतीप्रमाणें, त्या रंगीत नकाशांत नाहीं. बैठकीच्या आधीं कांहीं दिवस लहान देशांच्या तरुण अधिकाऱ्यांसाठीं प्रशिक्षणाचा वर्ग भरतो. अमेरिकेंतील कोलंबिया विद्यापीठांत तयार झालेलें एक गणकसाधन तेथें शिकवितात, आणि प्रत्येकानें आपल्या देशाचे जुने आंकडे आणून त्यावर स्वतः अंदाज काढावयाचा असतो. भूतान किंवा मालदीव यांचें हवामानखातें म्हणजे मूठभर माणसें. त्यांना भारताच्या महागणकयंत्राशीं स्पर्धा करतां येणार नाहीं. पण स्वतः काढलेला आंकडा हातांत असला म्हणजे मोठ्या शेजाऱ्यास 'आमच्या खोऱ्यांत आपला अंदाज लागू पडत नाहीं' असें सांगण्याचें बळ येतें. भारताची सावली या मेळ्यावर मोठी आहे. यजमानपण बहुतेक वेळां आपलें, यंत्रें आपलीं, आणि जागतिक संघटनेनें मान्यता दिलेलें प्रादेशिक हवामान-केंद्रही पुण्यांतच. शिवाय भारताचा स्वतःचा अंदाज कांहीं वर्षीं बैठकीच्या आधींच वृत्तपत्रांत येऊन गेलेला असतो. अशा वेळीं बाकीच्यांस केवळ माना डोलविण्यासाठीं बोलाविलें आहे, असें वाटूं न देणें ही यजमानाची कसोटी होय.

ती कसोटी एकदां चांगली उतरली. पहिलीं पांच वर्षें हा मेळा फक्त जून ते सप्टेंबर या चार महिन्यांविषयींच बोलत होता, कारण भारताचा मुख्य पाऊस तोच. श्रीलंकेच्या शेतकऱ्याचा भाताचा मोठा हंगाम, ज्यास तिकडे 'महा' म्हणतात, तो ऑक्टोबरनंतरच्या पावसावर उभा असतो. आपल्या तामिळनाडूचीही स्थिति तशीच. त्यांनीं एप्रिलांत येऊन दुसऱ्यांच्या पावसाची चर्चा ऐकावी आणि स्वतःचा प्रश्न घेऊन परत जावें, असें चाललें होतें. २०१५ पासून वर्षाच्या उत्तरार्धांत, ईशान्येकडून येणाऱ्या पावसासाठीं, दुसरी बैठक भरूं लागली, आणि कोलंबोच्या अधिकाऱ्यांस आपल्या भाताविषयीं बोलण्यासाठीं एक स्वतंत्र जागा मिळाली.