आरोपी बाई असली तर?

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांना मी फोनवर विषय सांगितला तेव्हा पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग विचारणा झाली, "ताई, बायकांवरच्या अत्याचाराबद्दल बोलणार ना?" म्हटलं, नाही. बाईने केलेल्या अत्याचाराबद्दल बोलणार आहे. परत शांतता. ती शांतताच खरं तर आजचा विषय आहे.

माझ्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे गैरसमज नको. मी वकील आहे. माझ्याकडे येणाऱ्या दहा प्रकरणांपैकी आठ तलाक, पोटगी आणि घरातल्या मारहाणीची असतात आणि मी बायकांच्या बाजूने उभी राहते. त्यामुळे "बघा, बायकाही काही कमी नाहीत" असं म्हणत चौकात वाजवायला कुणाला इथून काही मिळणार नाही. लैंगिक गुन्ह्यांतले बहुसंख्य आरोपी पुरुष असतात, हे माझ्या फायलींतही दिसतं. पण थोडे म्हणजे शून्य नव्हे. आणि त्या थोड्यांच्या समोर एक मूल असतं.

काही वर्षांपूर्वी एक मुलगी माझ्या ऑफिसात आली. वीसेक वर्षांची, म्हणजे तुमच्याच वयाची. सोबत तेरा वर्षांचा भाऊ. ओळख पटू नये म्हणून मी तपशील बदलले आहेत, कायद्यानेही ते बंधन आहेच. हा मुलगा एका बाईंकडे शिकवणीला जायचा. बाकीची मुलं गेली की त्या त्याला थांबवून घ्यायच्या. काय व्हायचं ते मी इथे सांगणार नाही, त्याची गरज नाही. सात-आठ महिने हे चाललं. मुलगा जेवेनासा झाला, झोपेत ओरडू लागला, आणि एका रात्री त्याने आपाला सांगितलं.

आपाने अम्मीला सांगितलं. अम्मी म्हणाल्या, "लडका है, उसका क्या जाता?" अब्बांनी शिकवणी बंद केली आणि विषयही बंद केला. मी त्या दोघांना वाईट म्हणत नाही. मुलगी असती तर त्यांनी मोहल्ला डोक्यावर घेतला असता, किंवा इज्जतीच्या भीतीने तोंडातून शब्द काढला नसता, पण निदान काहीतरी भयंकर घडलंय एवढं त्यांना कळलं असतं. इथे ते कळलंच नाही. मुलाचं काही 'जातं' हे आपल्या डोक्यात बसतच नाही.

आपा एकटीच पोलीस ठाण्यात गेली. तिथल्या अंमलदाराने आधी विचारलं, "बाई काय करणार त्याला?" मग हसला. मग म्हणाला, अर्ज देऊन जा, बघू. दुसऱ्या दिवशी मी सोबत गेले. आता हसणं नव्हतं, अडचण होती. साहेब प्रामाणिकपणे म्हणाले, "मॅडम, कलम कुठलं लावू? बलात्काराच्या कलमात तर पुरुष लिहिलंय."

बरोबर होतं त्यांचं. भारतीय दंड संहितेचं कलम ३७५ 'पुरुष' या शब्दानेच सुरू व्हायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिचं कलम ६३ सुद्धा तसंच आहे. पण साहेब चुकीचं पुस्तक उघडून बसले होते. पीडित अठरा वर्षांखालचा असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, आणि त्यात गुन्हा करणारी 'व्यक्ती' आहे. मूल म्हणजे अठरा वर्षांखालची कोणतीही व्यक्ती, मुलगा असो, मुलगी असो वा तृतीयपंथी. एवढं वाचून दाखवायला आणि एफआयआर लिहून घ्यायला सहा तास लागले.

हा घोळ फक्त ठाण्यापुरता नाही, न्यायालयांतही झालेला आहे. पॉक्सोच्या कलम ३ मध्ये 'व्यक्ती' असं म्हणून पुढे इंग्रजी मजकुरात पुल्लिंगी सर्वनाम येतं. त्यावर बचाव असा की, सर्वनाम पुरुषाचं आहे म्हणून गुन्हाही पुरुषाचाच. दिल्ली उच्च न्यायालयासमोर एका आरोपी बाईने हाच मुद्दा मांडला. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. पॉक्सोत जे शब्द सांगितलेले नाहीत त्यांचा अर्थ दंड संहितेतून घ्यायचा, आणि दंड संहितेचं कलम ८ सांगतं की ते सर्वनाम पुरुष-स्त्री दोघांसाठी आहे. शिवाय कलम ३ मधली सगळी कृत्यं पुरुषाच्या शरीरावर अवलंबून नाहीत. मुलाला वाचवण्यासाठी केलेला कायदा अर्धाच का वाचायचा?

वर्षभराने, ऑगस्ट २०२५ मध्ये, कर्नाटक उच्च न्यायालयासमोर असंच प्रकरण आलं. शेजारची बाई आणि तेरा वर्षांचा मुलगा. बाईच्या वकिलांनी म्हटलं, शरीरसंबंधात स्त्री ही निष्क्रिय असते, ती हे करूच शकत नाही. न्यायालयाने हा विचारच जुनाट ठरवला आणि खटला रद्द करायला नकार दिला. हे निकाल उच्च न्यायालयांचे आहेत, वरचं न्यायालय उद्या वेगळं म्हणू शकतं, म्हणून हा शेवटचा शब्द मानू नका. पण त्या युक्तिवादाकडे नीट बघा. 'बाई निष्क्रिय असते' हे वाक्य कुणाचं? ज्यांनी बायकांना घरात बसवलं त्यांचंच. आरोपीला सोडवायला ते कामाला आलं एवढंच. बाईला कर्तृत्व नाकारणारा समाज तिला गुन्हाही नाकारतो, आणि त्याची किंमत एखादं पोर चुकवतं.

या विचाराचं सर्वात कठोर उदाहरण मात्र २००६ चं आहे, सर्वोच्च न्यायालयाचं. मध्य प्रदेशात क्रीडा स्पर्धेहून परतणाऱ्या एका विद्यार्थिनीला एका माणसाने फसवून घरी नेलं. अत्याचार चालू असताना त्याची बायको आली. मुलीने तिच्याकडे मदत मागितली. बायकोने तिला थोबाडीत मारली, दार लावलं आणि निघून गेली, असा आरोप. सामूहिक बलात्काराचा आरोप तिच्यावर ठेवता येईल का, हा प्रश्न होता. न्यायालय म्हणालं, नाही, कारण बलात्काराचा इरादा स्त्रीचा असूच शकत नाही. गुन्ह्याला मदत केल्याचा आरोप ठेवता येईल का, हा प्रश्न न्यायालयाने मोकळा सोडला. पुढे २०१३ मध्ये कलमाची भाषा बदलली आणि २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने म्हटलं की, सामूहिक बलात्काराला साथ देणाऱ्या बाईवर खटला चालू शकतो. दार लावणारा हात बाईचा असला तरी दार लागलेलंच असतं. हे कायद्याच्या ध्यानात यायला सतरा वर्षं गेली.

आता परत त्या मुलाकडे. पॉक्सो कलम २४ सांगतं की मुलाचा जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यावा, उपनिरीक्षकाच्या हुद्द्याखालच्या नाही. चांगला नियम आहे, मी त्याची बाजू शंभर वेळा घेतली आहे. बाईसमोर मूल मोकळं होतं असं त्यामागे गृहीत आहे. खोलीत महिला उपनिरीक्षक आल्या, बोलायला अगदी मायाळू. आणि आमचा मुलगा भिंतीला चिकटला. अर्धा तास एक शब्द नाही. त्याला बाईचीच भीती होती हे त्या भल्या अधिकाऱ्याला, खरं सांगायचं तर मलाही, उशिरा लक्षात आलं. कलमात 'शक्यतो' हा शब्द आहे, तो अशा वेळेसाठी वापरता येतो. पुरुष अधिकारी बोलावला, शेजारी आपाला बसवलं, तेव्हा तो बोलू लागला.

बोलू लागला ते दख्खनीत. आपण घरात बोलतो तसं. म्हणाला, "सताती थी." लिहिणाऱ्याने मराठीत लिहिलं, "त्रास देत होती." ज्या शब्दाने त्याने सगळं सांगितलं होतं, त्याचा कागदावर किरकोळ 'त्रास' झाला. पुढे उलटतपासात बचावाच्या वकिलांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं: मूळ तक्रार त्रासाची होती, अत्याचार नंतर सुचला. कलम २६ मध्ये दुभाषा घेण्याची सोय आहे. आम्ही तो मागितला नाही, कारण मराठी तर मुलाला येतच होती. शाळेची मराठी येत होती. या गोष्टीची मराठी त्याला येत नव्हती, आणि उर्दूही. ही चूक माझी होती. तुमच्यापैकी जे कायदा शिकताय, समाजकार्य शिकताय, त्यांनी हे लक्षात ठेवा.

आरोपी बाईचं काय झालं? अटक झाली, काही आठवड्यांत जामीन झाला. त्यावर मोहल्ल्यात मोठी चर्चा: "बाई म्हणून सोडली." जामिनाचा विचार करताना स्त्री, मूल आणि आजारी माणूस यांना सवलत देण्याची तरतूद कायद्यात जुनी आहे, नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे. सूर्यास्तानंतर बाईला अटक न करण्याचा नियमही तसाच. मी या तरतुदींच्या बाजूने आहे. जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे, आणि आरोप सिद्ध होईपर्यंत ती बाईही आरोपीच आहे. तिच्या घरावर दगड फेकणाऱ्या पोरांना मी तेव्हा खडसावलं होतं. तिला 'आईच्या जातीला कलंक' म्हणणाऱ्यांनाही मी विचारलं, शिकवणीचा मास्तर असता तर 'बापाच्या जातीला कलंक' म्हणाला असतात का? आमच्याकडे बाई एकतर असं करूच शकत नाही, किंवा केलं तर ती राक्षसीण. मधे साधी गुन्हेगार नावाची जागाच नाही. कायद्याला मात्र तीच जागा लागते. शिक्षण संस्थेच्या किंवा धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातल्या वा नोकरीतल्या व्यक्तीने, नात्यातल्या माणसाने, विश्वासाच्या जागेवरच्याने केलं तर पॉक्सोत गुन्हा जास्त गंभीर धरला जातो. शाळा, मदरसा, मठ, चर्च सगळं आलं. उस्ताद आला, उस्तानीही आली.

२०२५ मध्ये मुंबईत एका शिक्षिकेला अल्पवयीन विद्यार्थ्याच्या प्रकरणात अटक झाल्याची बातमी तुम्ही वाचली असेल. तिच्यावरचे आरोप खरे की खोटे ते न्यायालय ठरवेल. मी बातमीखालच्या प्रतिक्रिया वाचत होते. "आमच्या वेळी अशा बाई का नव्हत्या." हजारो हसरे चेहरे. ते वाचणाऱ्यांत असाच एखादा मुलगा असेल ना? त्याने कुणाला सांगायचं? केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये तेरा राज्यांतल्या मुलांचा अभ्यास केला होता. ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचं सांगितलं, आणि सांगणाऱ्यांत ५२.९४ टक्के मुलगे होते. सगळ्यांच्या बाबतीत करणारी बाई होती असं मी अजिबात म्हणत नाही. मुलगे गप्प असतात, एवढंच त्यातून दिसतं.

प्रश्नोत्तरांत कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगते: मग बलात्काराचा कायदाही सरसकट लिंगनिरपेक्ष करायचा का? २००० साली विधी आयोगाच्या १७२ व्या अहवालाने तसं सुचवलं होतं. २०१३ च्या फेब्रुवारीतल्या अध्यादेशात ते आलंही, पण महिला संघटनांनी विरोध केला आणि एप्रिलच्या कायद्यात आरोपी पुन्हा 'पुरुष' झाला. त्यांची भीती मला खरी वाटते. तक्रार करणाऱ्या बाईवर उलट गुन्हा दाखल होईल आणि ती माघार घेईल, अशी ती भीती. माझं मत असं की, पीडित कुणीही असू शकतो हे कायद्याने मान्य करावं. आज प्रौढ पुरुषावर अत्याचार झाला तर न्याय संहितेत नेमकं कलम नाही, जुनं ३७७ गेलं आणि त्या जागी काही आलं नाही. तृतीयपंथी व्यक्तीवर अत्याचार झाला तर २०१९ च्या कायद्यात सहा महिने ते दोन वर्षं, आणि बाईवरच्या बलात्काराला किमान दहा. हे लाजिरवाणं आहे. प्रौढांच्या बाबतीत आरोपी स्त्रीही असावी का, यावर मी अजून ठाम नाही. तुम्ही असाल तर माझ्याशी वाद घाला.

मुलांच्या बाबतीत मात्र वादाला जागा नाही. आणि कलम १९ तुम्हाआम्हाला सगळ्यांना लागू आहे. गुन्हा घडल्याचं कळलं तर पोलिसांना कळवायचंच. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या एका वसतिगृहाच्या प्रकरणात, माहिती असून न कळवल्याच्या आरोपाखालचा एका डॉक्टरवरचा गुन्हा नागपूर खंडपीठाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो परत उभा केला. घरातली गोष्ट घरात ठेवणाऱ्या मामूंना, चाचांना हे सांगा. १०९८ हा नंबर फोनमध्ये आत्ताच टाका, मी थांबते.

टाकला?

तो मुलगा आता एकोणीस वर्षांचा आहे, आयटीआयला जातो. पॉक्सोत खटला शक्यतो वर्षभरात संपवावा असं लिहिलंय. आमचा 'शक्यतो' सहाव्या वर्षात आहे. अम्मी आता तारखेला येतात, डबा घेऊन येतात, बाकावर बसतात, कुणाशी बोलत नाहीत. गेल्या तारखेला त्यांनी मला विचारलं, "उसने मेरेकू क्यूं नई बोला?" आपा शेजारीच होती. तिने खाली बघितलं. मीही काही बोलले नाही, कारण उत्तर आम्हा तिघींनाही माहीत होतं.

पुढची तारीख पुढच्या मंगळवारी आहे. आता तुमचे प्रश्न घेते.